विडीचा चटका

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. टोलनाका, पोलीस ठाणं, रस्त्याकडेची हॉटेलं आणि कोजागिरीच्या आगेमागे सोलापुराकडून पायी देवीला निघालेल्या माणसांचे लोंढे, एवढंच गाडीतून जाणाऱ्याच्या नजरेस पडतं. डांबरी सोडून आत वळलं की सोयाबीन, तूर, उडीद, आणि पाऊस बरा झालेला असला तर बांधाबांधावर कमरेइतकं गवत. गोष्ट या आतल्या बाजूची आहे. कुणाला नावं ठेवायची नाहीत, म्हणून गोष्टीत नावं घातलीही नाहीत.

घर चार माणसांचं. म्हातारी, तिचा एकुलता एक ल्योक, सून आणि शाळेत जाणारा नातू. दावणीला दोन म्हशी. ल्योक पहाटे मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून सोलापूर गाठायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचा. विडी ओढायचा. एके काळी प्यायचाही, आणि त्या नादात एका रात्री त्यानं बायकोवर हात टाकला होता. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं त्याला कानाला धरून तुळजापूरला नेलं आणि देवीच्या पायरीवर शपथ घ्यायला लावली. दारू सुटली, विडी राहिली. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. निघाला नाही म्हणून मिटला असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सून ओढ्याकाठच्या पडीक रानात गवताला गेली. सणाला बैल सजवतात, पण म्हशींना सणावारी सुद्धा वैरण लागतेच. रात्रीचा पाऊस पडून गेला होता. विळ्यानं गवत कापताना टॉवेल भिजला, तो तिनं शेजारच्या झुडपावर वाळत टाकला. भारा बांधून झाल्यावर तिथंच गवतात टेकून भाकरी खाल्ली, वाळलेला टॉवेल कमरेला खोचला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, आणि घरी आली. आठवणीत राहावं असं त्या दिवसात काहीच नव्हतं.

मृगाच्या पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा लालभडक मखमली किडा आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनी काडेपेटीत पाळलेला असतो. तो बिचारा निरुपद्रवी. पण त्याच्या भाऊबंदकीत एक अगदी बारकी जात आहे. तीही मोठी झाली की मातीत राहते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. चावतं ते तिचं पिल्लू. सहा पायांचं, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारं. गवताच्या पात्यावर, झुडपावर दबा धरून बसतं आणि उंदीर, घूस, माणूस जे कुणी घासून जाईल त्याच्या अंगावर चढतं. रक्त पीत नाही, कातडी विरघळवून तो रस पितं. पोट भरलं की गळून पुन्हा मातीत. चढता चढता जिथं कापड आवळून बसलेलं असतं तिथं ते अडतं आणि तोंड लावतं. यातल्या काही पिल्लांच्या अंगात आईकडून अंड्यातूनच आलेले जंतू असतात. ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ असं त्यांचं जपानी वळणाचं नाव, आणि त्यांच्यामुळे येणारा ताप म्हणजे स्क्रब टायफस. चावताना कळत नाही. खाजही येत नाही, हीच पंचाईत.

पोळ्यानंतर गणपती आले, गणपतीच्या पाठोपाठ महालक्ष्म्या. मराठवाड्यात या सणाला घरातल्या बाईचा पिट्ट्या पडतो. सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, पाहुणेरावळे. लक्ष्म्या उठवल्या त्या संध्याकाळी सुनेला थंडी वाजून ताप भरला. डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सोसेना. दगदग झाली, दृष्ट लागली, पावसात भिजली, अशी कारणं तीन आणि माणसं तीन. मीठमिरच्या ओवाळून झाल्या, तुरटी झाली, शेवटी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. आपल्याकडे बाटलीतून थेंब पडायला लागले की पेशंटचं आणि नातेवाइकांचं निम्मं दुखणं तिथंच बरं होतं. ताप त्या रात्री उतरला, सकाळी पुन्हा चढला.

चौथ्या दिवशी सोलापूर. काचेचं दार असलेलं, लिफ्टवालं हॉस्पिटल. रक्त काढलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. पांढऱ्या-तांबड्यांचं ठीक, पण प्लेटलेट ब्याऐंशी हजार. विडालची तपासणी किंचित वर. आता ही विडाल म्हणजे मोठी गंमत आहे. आपल्या भागात ज्याला कधीकाळी टायफॉइड होऊन गेला, किंवा नुसता त्या जंतूशी संबंध आला, त्याच्या रक्तात ती थोडीफार वर येऊ शकते. एका तपासणीवरून टायफॉइड म्हणणं म्हणजे चुलीत राख दिसली म्हणून आजच स्वयंपाक झाला म्हणण्यासारखं. पण कागदावर आकडा आला की त्याचं वजन माणसाच्या शब्दापेक्षा जास्त होतं. टायफॉइडची इंजेक्शनं सुरू झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘पेशी कमी’ ऐकून डेंग्यूही जोडून दिला. मग पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, सव्वाशे रुपयांना तीन किवी. ते इंजेक्शन महागडं होतं आणि टायफॉइडवर चांगलंही होतं. या तापाचा जंतू मात्र शरीराच्या पेशींच्या आत घर करून राहतो. त्याला त्या औषधाचं सोयरसुतक नसतं.

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर बाकावर सत्तर माणसं होती. त्यांनी जीभ पाहिली, डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली, ब्लाउजवरूनच छातीला नळी लावली आणि पोट दाबायला हात पुढं केला, तेव्हा उशाशी उभ्या असलेल्या म्हातारीनं सुनेचा पदर घट्ट खाली ओढून धरला. डॉक्टरांनी साडीवरूनच दाबलं आणि पुढचा कागद घेतला. म्हातारी माणसं लाजतात, त्यांना वाटलं.

ती लाज नव्हती.

आदल्याच रात्री म्हातारी सुनेचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. परकराची नाडी सैल करून कमरेवरून फडकं फिरवलं आणि हात थांबला. उजव्या बाजूला, नाडीचा वळ उमटतो नेमका तिथं, तुरीच्या डाळीएवढा काळा डाग. मधे करपल्यासारखी खपली, कडेनं लालसर गोल. अशी खूण म्हातारीनं आयुष्यात एकदाच पाहिली होती, तिच्या धाकट्या नणंदेच्या पाठीवर. नणंदेच्या नवऱ्यानं ती विडीनं दिली होती.

म्हातारीनं कोनाड्यात पाहिलं. विड्यांचा कट्टा, काडेपेटी. बाहेर अंगणात ल्योक खाटेवर पडून धूर सोडत होता. तिनं परकर वर ओढला, नाडी बांधली आणि चुलीजवळ जाऊन बसली. सून तापाच्या ग्लानीत होती, तिला विचारायचं कसं? ल्योकाला विचारायचं तर कोणत्या तोंडानं? आणि डॉक्टरला दाखवायचं म्हणजे पोलीस ठाणं गावातच. दुसऱ्या दिवशी तिनं डागाला हळद-तेल लावून वर मऊ फडकं बांधलं. तेव्हापासून ती ल्योकाशी धड बोलली नाही. ल्योकाला वाटलं, खर्चाच्या चिंतेनं आय गप झालीय. त्यानं बायकोची कानातली फुलं गहाण ठेवली होती, ते तिला कळलं असावं.

नवव्या दिवशी सून बरळायला लागली. डोळे लाल, कोरडा खोकला, बोलता बोलता धाप. सोलापूरच्या हॉस्पिटलनं आयसीयूचा आगाऊ भरणा सांगितला आणि तिथंच घरातला पैसा संपला. ल्योकानं 108 ला फोन लावला. गाडी आली आणि तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. म्हणजे योग्य जागी ती पोचली ती पैसे संपल्यामुळं. असंही होतं.

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, मूळची वर्ध्याकडची. 2018 साली ती नागपुरात इंटर्न होती. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भातल्या वॉर्डांत तापाचे रुग्ण यायला लागले, बरेचसे शेतात राबणारे. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, आणि बघता बघता कुणाचं लिव्हर, कुणाची किडनी, कुणाची फुप्फुसं. स्क्रब टायफस आहे हे नक्की होईपर्यंत आणि नंतरही माणसं गेली. मृत्यूंचा आकडा दोन अंकी झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी ते नाव पहिल्या पानावर छापलं. महाराष्ट्राला हा नवा रोग वाटला. तो नवा मुळीच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढणाऱ्या सैनिकांना त्यानं गोळ्यांच्या बरोबरीनं छळलं होतं, आणि त्याच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडतं हे 1948 मध्ये मलायात सिद्ध झालं होतं. नंतर अँटिबायोटिक्स स्वस्त झाली, ज्याला त्याला मिळू लागली, आणि हा ताप डॉक्टरांच्या डोक्यातून उतरला. गोरखपूरकडे वर्षानुवर्षं पावसाळ्यात मुलं मेंदूज्वरानं जात होती. जपानी मेंदूज्वराची लस आली तरी थांबेनात. शेवटी गेल्या दशकात कसून शोध घेतला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात याच स्क्रब टायफसच्या खुणा मिळाल्या. रोग समोर होता. यादीत त्याचं नाव नव्हतं म्हणून तपासणी सांगितली जात नव्हती.

तर या डॉक्टरणीच्या यादीत ते नाव पक्कं होतं. तिनं सोलापूरची फाइल चाळली. नऊ दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, छातीच्या फोटोत दोन्हीकडे धूसर, आणि पाच दिवस इंजेक्शनं देऊन उतार नाही. ऑक्सिजन लावून घेतला आणि पुरुष माणसांना बाहेर काढलं. त्या बेडला पडदा नव्हता, म्हणून सिस्टरला चादर धरून उभं केलं.

“आजी, यांचे कपडे जरा सोडा. डोक्यापासून पायापर्यंत बघायचंय मला.”

“समदं बघितलंय की सोलापुरात,” म्हातारी म्हणाली.

“मी नाही ना बघितलं.”

तिनं टॉर्च घेतला. केसांची मुळं, कानांमागं, मान. काखा. छातीखालच्या घड्या, जिथं घाम साठतो. बेंबी. हळूहळू टॉर्च कमरेकडे आला तशी म्हातारीनं कमरेवर आपला हात आडवा ठेवला.

“तितं काय न्हाई बाई.”

“हात काढा आजी.”

फडकं निघालं. हळदीनं पिवळ्या पडलेल्या कातडीवर काळी खपली. सिस्टर वयानं मोठी, वीस वर्षं सरकारी नोकरीत मुरलेली. तिनं एका नजरेत निकाल दिला. “चटका आहे मॅडम. विडीचा. पोलीस केस करायला लागेल.”

म्हातारीचा बांध फुटला. “माज्या लेकाच्या हातनं झालं आसंल. मी सा दिस झालं बघलाले. सांगू कुनाला, बाई? पोटचा हाय. आन ही बी माजीच हाय.”

डॉक्टरणीला क्षणभर तसंच वाटलं. विडीचे चटके देणारे नवरे तिनं पाहिले होते, आणि या डागाचं वर्णन तिच्या पुस्तकात सुद्धा ‘सिगारेटच्या चटक्यासारखा’ असंच होतं. सारखा म्हणजे तोच नव्हे, एवढं ठरवण्यापुरती ती थांबली. तिनं खपलीच्या कडेला बोट लावून दाबलं. सून हूं की चूं नाही. जरा जोरात दाबलं. तरी नाही. मग जांघेत बोटं फिरवली. तिथं शेवग्याच्या बीएवढ्या दोन गाठी हाताला लागल्या आणि ग्लानीतही सून कळवळली.

“ताई, इथं कमरेला काय झालं होतं? भाजलं होतं?”

“कुटं?” सुनेनं डोळे किलकिले केले. “मला काय न्हाई झालं कमरंला.”

“कुणी चटका दिला होता? घाबरू नका, बाहेर कुणी ऐकत नाही.”

“चटका?” तिला प्रश्नच समजेना. “कसला चटका?”

हा प्रश्न डॉक्टरणीनं तिथंच सोडून दिला नाही. बरी झाल्यावर, सासू जवळ नसताना, तिनं सुनेला तो पुन्हा विचारला. त्या जुन्या रात्रीबद्दल सुनेनं त्या वेळी सांगितलं, आणि या डागाबद्दल पुन्हा तेच सांगितलं. पण ती पुढची गोष्ट.

“आजी, ताप कधी आला?”

“लक्षुम्या उटल्या त्या रातीला.”

“त्याच्या आधी आठ-दहा दिवस ही कुठं गेली होती?”

“जातीया कुटं? घर आन रान. पोळ्याला गवत आनलं तेवडंच, वड्याकडचं.”

“टॉवेल, साडी असलं काही तिथं वाळत टाकलं होतं का?”

हे मात्र म्हातारीला कसं ठाऊक असणार? पण सून पुटपुटली, “टावेल.” आणि हात आपसूक कमरेकडे गेला.

डॉक्टरणीनं सिस्टरला औषधं सांगितली. मूत्राची तपासणी करून दिवस गेलेले नाहीत याची आधी खात्री केली, कारण गरोदर बाईला यातलं एक औषध शक्यतो देत नाहीत. मग डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, दोन्ही शिरेतून. गंभीर झालेल्या रुग्णाला एकापेक्षा दोन्ही मिळून जास्त उपयोगी पडतात, असं भारतातल्याच रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. रोग वेळेत ओळखला तर इतकंही लागत नाही. डॉक्सिसायक्लिनची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, आठवडाभर. सगळ्या गोळ्यांची किंमत त्या तीन किवींपेक्षा कमी.

“रिपोर्ट?” सिस्टरनं विचारलं.

“रक्त पाठवा. आयजीएम एलायझा म्हणून लिहा. पण त्यासाठी थांबायचं नाही.”

ते बरोबरच होतं. ही तपासणी तापाच्या पहिल्या आठवड्यात खोटा दिलासा देऊ शकते, कारण रक्तात खूण उमटायलाच पाच-सात दिवस जातात. शिवाय पुष्कळ ठिकाणी एक प्लेट भरेल एवढे नमुने जमेपर्यंत ती लावत नाहीत. जुनी, स्वस्त वाईल-फेलिक्स तपासणी चुकारपणाच जास्त करते. शंका घेणारा डॉक्टर, उघडं पाहणारे डोळे आणि लागलीच दिलेलं औषध, या तापात रिपोर्टच्या आधी हेच कामाला येतं. आणि एक गोष्ट डॉक्टरणीनं त्याच रात्री आपल्या हाताखालच्या पोरांना बजावून सांगितली, की डाग सापडला तर सोनं, पण नाही सापडला म्हणून रोग नाही असं समजू नका. कित्येकांच्या अंगावर तो उमटतच नाही. ओलसर घडीत उमटला तर काळी खपली धरत नाही, साधं खरचटल्यासारखं दिसतं.

इकडं बाहेर पायरीवर ल्योक बसला होता. सिस्टरनं त्याला आत बोलावताना तोंड असं केलं होतं की त्याला वाटलं, बायको गेली. डॉक्टरणीनं त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, किड्याचं सांगितलं, गवताचं सांगितलं. मग म्हणाली, “तुमच्या आईंनी हा डाग सहा दिवसांपूर्वी पाहिला होता. त्यांना वाटलं, तुम्ही विडीनं दिलाय.”

असं तोंडावर सांगायला नको होतं, असं सिस्टरचं मत. मला वाटतं, सांगितलं ते बरं केलं. नाहीतर त्या घरात आणखी एक विषय न निघता राहिला असता.

तो म्हातारीपुढं जाऊन उभा राहिला.

“आय, तुला खरंच वाटलं मी असं करीन म्हनून?”

म्हातारीनं खोटं बोलून सोडवणूक करून घेतली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. ती म्हणाली, “वाटलं.”

“आगं पर मी...”

“एकदा केलावतास न्हवं? मग वाटलं.”

त्याला काही सुचलं नाही. खिशातला विड्यांचा कट्टा त्यानं काढला, हातात फिरवला आणि परत खिशात ठेवला. विडी त्यानं सोडली नाही. गोष्टीतली माणसं सोडतात, हा दूधवाला होता. पण त्या रात्री बायकोच्या उशाशी तोच बसला, आणि म्हातारीला म्हणाला, “तू नीज. मी बघतो.”

तिसऱ्या दिवशी पहाटे सुनेला दरदरून घाम फुटला. ताप उतरला आणि परत चढला नाही. धाप कमी व्हायला आणखी तीन-चार दिवस गेले. तिनं पहिली भाकरी मागितली ती ठेच्याबरोबर, आणि डॉक्टरणीनं ठेच्याला नाही म्हटलं म्हणून रुसली. एलायझाचा रिपोर्ट आला तेव्हा ती घरी जायच्या तयारीत होती. पॉझिटिव्ह.

एक रुग्ण सापडला की गाव तपासायचं असतं. आरोग्य खात्याची माणसं तामलवाडीत आली, आशाताईंबरोबर घरोघर फिरून तापाची माणसं नोंदली, ओढ्याकडं उंदरांचे पिंजरे लावले. घरांलगतचं गवत, कडब्याच्या गंजींभोवतीचं रान साफ करायला सांगितलं. मग संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बायकांना जमवलं. डॉक्टरणीही आली होती. तिनं सांगितलं की गवतातून आल्यावर साबणानं अंग चोळून आंघोळ करा, अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाका, ओले कपडे झुडपावर वाळत घालू नका, गवतात थेट टेकू नका, खाली पोतं तरी अंथरा, आणि ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही तर अंगावर कुठं काळी खपली आहे का बघा.

बायका मान डोलावत होत्या. तोंडावर पदर धरून आपसात हसतही होत्या. अंगावर कुठं, हे डॉक्टरणीनं जागा सांगून सांगितलं होतं ना. तुळजापूर तालुक्याला बायकांनी बायकांचं अंग बघणं तसं नवं नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं, त्याला आता तीन दशकं होत आली. पण सभेत बसून जांघ नि काख ऐकणं निराळं.

मागून म्हातारी उठली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

“माज्या सुनंच्या कमरंला व्हता,” ती म्हणाली. “म्या बघिटला. मला वाटलं माज्या लेकानं चटका दिला. म्हनून मी झाकला. डाक्टरनं हात घाटला तवा बी झाकला. सा दिस.” तिनं बोटांनी सहा दाखवले. “ही बाई नसती तर माज्या हातानं मी सुनंला घालीवली आसती, आन लेकाला जलमभर तसाच धरला आसता.”

हसणं थांबलं. सून शेजारीच बसली होती, तिनं सासूचं लुगडं ओढून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. म्हातारी बसली नाही.

थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. बोलू की नको असं चाललं होतं.

“बाई, आमच्या मालकान्ला बी पाच दिस झालं ताप हाय. दवाखान्यात चला म्हनलं तर येत न्हाईत. पर त्येंचं... त्येंचं आसलं सगळं कोन बघनार?”

डॉक्टरणी काही बोलणार, तोच म्हातारी म्हणाली, “कोन म्हंजी? तू बायकू हाईस का पावनी? आत्ता जा, दिवा धर आन बघ. न्हाई दिसलं तरी सकाळच्याला गाडीत घालून घिऊन ये. माज्या लेकाचा फोन लिहून घे, दुदाची फेरी चुकली तरी चालंल.”